मनासारखं वचन

त्या गुरुवारी सकाळी माझे यजमान दादरला भाजी आणायला गेले. फुलबाजाराच्या तोंडाशी ते खाली पडले. लोकांनी त्यांना टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. मी आणि मुलगी पोचलो तेव्हा ते गेले होते. मरण रस्त्यात आलं म्हणून शवविच्छेदन झालं. दुसऱ्या दिवशी शिवडीच्या ख्रिस्ती कबरस्तानात आम्ही त्यांना माती दिली.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. यजमानांच्या हृदयाची भिंत जाड झाली होती. असा माणूस वर्षानुवर्षं धडधाकट असतो, जिने चढतो, सामान उचलतो, आणि एके दिवशी हृदयाचा ताल चुकतो. डॉक्टर सावकाश बोलत होते. मग त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं.

"हे आईवडिलांकडून मुलांकडे येऊ शकतं. तुम्ही हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून घ्या. घाबरू नका, पण टाळूही नका."

"करते," मुलगी म्हणाली.

"करू," मी म्हणाले. "थोडे दिवस जाऊ देत."

आम्ही परळला राहतो. आमची चाळ होती त्याच जागेवर आता उंच इमारत आहे आणि तिच्यात आम्हाला दोन खोल्या आणि एक गॅलरी मिळाली आहे. मी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, ती संपली. यजमान शिवडीला एका गोदामाची देखरेख करायचे. मुलगी एकुलती एक. गिरगावातल्या एका कचेरीत ती इमारतींचे आराखडे काढते आणि तेव्हा रोज सकाळी कामावर जाण्याआधी माटुंग्याच्या बागांभोवती पळून यायची. पळणं तिला वडिलांनी शिवाजी पार्कवर शिकवलं होतं.

ते गेल्यावर काही दिवसांनी ती पुन्हा पळायला जाऊ लागली. ती दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधायची तेव्हा 'जाऊ नकोस' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत यायचे. पण जाऊ नकोस म्हटलं की का जाऊ नको हे सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं की तपासणीची गोष्ट निघाली असती. म्हणून मी गप्प राहायची. ती परत येईपर्यंत पुस्तक घेऊन बसायची आणि पान उलटायची नाही. लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की कान दाराकडे जायचे. चावी शेजाऱ्यांच्या दारात फिरली की ती नव्हे हे कळायचं. माटुंग्याच्या फुटपाथवर कुणीतरी पडलं आहे, भोवती लोक जमले आहेत, हे चित्र मी रोज पाहत होते. त्या चित्रात तिचे बूट मला स्पष्ट दिसायचे.

ती आंघोळीला गेली आणि नळाचा आवाज थांबला की मी दारावर टकटक करायची.

"आई, साबण लावतेय. साबण लावायला पाणी लागत नाही."

"बरं."

"जिवंत आहे मी. अजून काही विचारायचंय?"

ती हसत म्हणायची. हसणं वडिलांचं होतं.

तपासणी मी का लांबवत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. तपासणी झाली नव्हती तोवर ती निरोगी होती. त्या खोलीत जाऊन ती बाहेर आली की ती एकतर निरोगी असणार होती किंवा नसणार होती, आणि ते मग माझ्या हातात राहणार नव्हतं. जणू तोवर ते माझ्या हातात होतं.

आमच्या घरात वचनांची एक पेटी आहे. आमच्याकडे बऱ्याच ख्रिस्ती घरांत अशी असते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी उपासनेहून आलं की घरातल्या प्रत्येकाने त्यातली एक चिठ्ठी काढायची. तिच्यावर शास्त्रातलं एक वचन असतं आणि ते त्या माणसाचं त्या वर्षाचं वचन. आमची पेटी सासूबाईंची. त्या नगरकडच्या, काटकसरी. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. एका बाजूला त्यांच्या अक्षरात वचन, आणि मागे पत्रिकेचा जो तुकडा आला असेल तो. यजमान आधी मागची बाजू वाचायचे. "देव म्हणतो, यंदा कृपया आहेर आणू नये." दर वर्षी हा विनोद व्हायचा आणि दर वर्षी मुलगी कपाळाला हात लावायची.

त्या जानेवारीत माझ्या हाताला जी चिठ्ठी आली तिच्यात, देव विधवांच्या बाजूने उभा राहतो, असं होतं. यजमानांनी माझ्या खांद्यावरून वाचली.

"म्हणजे यंदा मला जपून राहायला हवं," ते म्हणाले.

"असं बोलू नये," मी म्हणाले, पण मीही हसले होते. त्यांनी ती चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली सरकवली. उन्हाळा संपायच्या आत ते गेले.

मी शिकलेली बाई आहे. आमच्या घरात जन्मपत्रिका पाहिली जात नाही, मांजर आडवं गेलं तर कुणी थांबत नाही. पण माती देऊन आल्यावर टेबलाशी बसले आणि काचेखाली ते अक्षर दिसलं. तिला ठाऊक होतं, असं वाटलं. त्या चिठ्ठीला जानेवारीतच ठाऊक होतं.

त्यानंतर मी पेटी उघडू लागले. मुलगी कामावर गेली की चहाचा कप ठेवायची, डोळे मिटायची आणि तिच्या नावाने एक चिठ्ठी काढायची. मनाशी ठरवलं होतं की स्पष्ट, चांगलं वचन आलं की तिला तपासणीला घेऊन जायचं. पहिल्या चिठ्ठीत देवाचं अभिवचन होतं की तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. वाचणाऱ्याला त्यात धीर दिसेल. मला फक्त पाणी दिसलं. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत दुखणाईताच्या बिछान्याजवळ देव असतो, असं होतं. म्हणजे बिछाना आहेच. एकीत नुसतं 'भिऊ नको' होतं. ती चिठ्ठी मी किती वेळ हातात धरून बसले होते. ज्याच्यावर काही येणार नाही त्याला कशाला कोण सांगेल भिऊ नको म्हणून? इतकी वर्षं ही वचनं ऐकली, पाठ केली, पण त्यांतल्या प्रत्येकाच्या पोटात एक संकट बसलेलं आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. आता दुसरं काही दिसेना. मी चिठ्ठी परत टाकायची आणि पुन्हा काढायची.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका भेटायला येत. प्रार्थना करत, डबा ठेवून जात. मुलीच्या तपासणीचं त्यांना मी सांगितलं होतं. "विश्वास ठेवा बाई," त्यातली एक माझा हात दाबून म्हणाली, "प्रभू तिला काही होऊ देणार नाही." तिचा विश्वास खरा होता, हे मला दिसत होतं. पण माझ्या मनात आलं, गुरुवारी सकाळी तो कुठे होता? आणि असं मनात आलं याचीच मला जास्त भीती वाटली. हे त्याला ऐकू गेलं असेल. त्याने याचा हिशेब मुलीकडून घेतला तर? त्या दिवसांत माझी भीती अशी होती, आणि तिला मी भक्ती समजत होते.

एका दुपारी शेजारीण आली. ती चाळीपासूनची शेजारीण, कणकवलीकडची. बँकेतून निवृत्त झाली तरी घरात अजून मालवणी बोलते. दार उघडंच होतं. मी पेटी पुढ्यात घेऊन बसले होते. चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या होत्या.

"काय वहिनी, पत्ते मांडलंत की काय?"

मी तिला खरं काय ते सांगितलं. का कोण जाणे, आमच्या मंडळीतल्या कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"अगो बाय," ती म्हणाली, "ह्यो तर कौलच झालो! आमच्या गावाक गुरव देवाक कौल लावता, तसोच."

मला कौल ऐकून माहीत होता. देवाच्या मूर्तीला तांदूळ नाहीतर पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"तसं नाही हे," मी म्हणाले. मला राग आला होता. "ही शास्त्रातली वचनं आहेत."

"असतीत. पण तुमी उजव्याची वाट बघतास मां? आमच्याकडे कसा, डावो कौल इलो की घराक जाऊन गप बसूचा. परत परत लावूक गुरव देणा नाय. तुमचो गुरव खंय आसा?"

"आमच्यात देवाच्या आणि माणसाच्या मध्ये कुणी नसतं," मी म्हणाले. लहानपणापासून पाठ असलेलं उत्तर होतं ते.

"म्हणानच तर पंचाईत," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग माझं तोंड पाहून थांबली. तिने चिठ्ठ्या गोळा करायला मदत केली, माझ्यासाठी चहा केला, आणि जाताना दारात वळून म्हणाली, "पोरीक घेऊन जावा वहिनी. माझो भाऊ असोच वाट बघत रवलो." तिचा भाऊ पोटाच्या दुखण्याने गेला होता. ते मला आठवलं, आणि माझी भीती कमी होण्याऐवजी वाढली.

ती म्हणाली ते बरोबर की चूक, यावर मी पुष्कळ विचार केला. तिचा देव आणि तिची रीत माझी नाही, आणि वचन म्हणजे पाकळी नव्हे हे मी आजही म्हणेन. पण त्या टेबलाशी मी जे करत होते त्याला मला दुसरं नाव सापडेना.

त्याच आठवड्यात मुलगी कामावरून लवकर आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "शनिवारी सकाळची वेळ घेतलीय. इकोची."

"या शनिवारी?"

"हो."

"पुढच्या महिन्यात..."

"आई, मी तुझ्यासाठी थांबले होते. तुला एवढ्यात झेपणार नाही म्हणून. पण तुला पुढच्या महिन्यातही नाही झेपणार."

मी पेटीकडे पाहिलं. तिने ते पाहिलं. बहुधा पेटीचं तिला आधीपासून ठाऊक असावं. आमच्या दोन खोल्यांत काय लपणार?

तिने पेटी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि पलंगावर उलटी केली. लग्नपत्रिकांचे पिवळे, गुलाबी, सोनेरी कडांचे तुकडे चादरीवर पसरले.

"बस इथे. एकेक काढायची नाही. सगळ्या वाचू."

आम्ही वाचू लागलो. ती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायची. सासूबाईंनी शुद्धलेखनाच्या चुका केल्या होत्या. काही वचनं त्यांनी दोनदा लिहिली होती, विसरून असेल किंवा आवडती असतील म्हणून. एका चिठ्ठीवर त्यांनी वचनाऐवजी नुसतं 'आमेन' लिहिलं होतं. मुलगी म्हणाली, "आजी दमली होती वाटतं." आम्ही दोघी हसलो. त्या घरात हसण्याचा आवाज मला परका वाटला.

मग ती बाहेर जाऊन टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी घेऊन आली.

"ही राहिली."

"ती नको."

"वाच ना. पूर्ण वाच."

मी वाचली. जानेवारीपासून मी ती रोज पाहत होते. पोरक्यांचा बाप आणि विधवांच्या बाजूने उभा राहणारा देव, असा तिचा अर्थ होता. सासूबाईंनी दोन्ही एकाच ओळीत लिहिलं होतं.

"पोरकी म्हणजे मी," मुलगी म्हणाली. "माझे बाबा गेलेत, आई. तू तुझाच अर्धा भाग वाचतेस."

त्या गुरुवारपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे काय, मी तिच्याकडे पाहत होते ते तिचं हृदय चालू आहे ना एवढंच बघायला. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. चिठ्ठ्या तिच्या अंगाखाली चुरगळल्या. मी त्या काढल्या नाहीत.

जेवणं झाल्यावर मी शास्त्र काढून तो सबंध अध्याय वाचला. ते स्तोत्र आहे. त्यात एकाकी माणसांना देव घर देतो, कैद्यांना बाहेर काढतो, डोंगर थरथरतात, लोक गातात. पुढे काय होणार याबद्दल माझ्यासाठी त्यात काहीही नव्हतं. पुस्तकातलं एक पान फाडून आणून शाळेतल्या एखाद्या मुलाने मला विचारलं असतं की या पुस्तकाचा शेवट काय, तर मी त्या मुलाला काय म्हणाले असते? नोकरीभर मी मुलांना आधी पुस्तक आणा असं सांगत आले होते.

भीती मात्र तशीच राहिली. हे मी लिहून ठेवते, कारण अशा गोष्टी सांगताना लोक इथे भीती गेली असं सांगतात. शुक्रवारी माझ्या हातून दूध उतू गेलं आणि भाजीत दोनदा मीठ पडलं.

शनिवारी आम्ही चालतच गेलो. केंद्र परळलाच होतं. आत माणसं रांगेने बसली होती. तिचं नाव पुकारलं. तिने पर्स माझ्याकडे दिली, घड्याळ काढून दिलं, गळ्यातली साखळी काढून दिली. इस्पितळाने त्या गुरुवारी मला यजमानांच्या वस्तू अशाच एकेक करून दिल्या होत्या. मला उठून ओरडावंसं वाटलं. दार बंद झालं.

मी बाकावर बसले. हाताशी वचन नव्हतं. मला एकही आठवेना, इतकी पाठ असून. यजमान असते तर त्यांनी प्रार्थना केली असती. घरात मोठ्याने प्रार्थना तेच करायचे, मी आमेन म्हणायची. मी मनात म्हणाले, प्रभू, मला आजाराची भीती वाटते असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला तुझी भीती वाटते. तू एकाला नेलंस आणि मला विचारलं नाहीस. तू हिलाही नेशील आणि विचारणार नाहीस. मला कळतं की मी तुला अडवू शकत नाही. तरी मी तुझ्याकडेच आले आहे, कारण दुसरीकडे कुठे जाऊ? ती आत एकटी आहे. तिच्याजवळ राहा.

एवढंच म्हणाले. उत्तर आलं नाही. अंगात ऊब शिरली, मन शांत झालं, असं काही झालं नाही. शेजारच्या माणसाला खोकला येत होता आणि पंख्याचा आवाज येत होता. पण माती देऊन आल्यापासून मी देवाशी खरं बोलले ते पहिल्यांदा, आणि खरं बोलूनही मी त्या बाकावर तशीच बसलेली होते. त्याने मला हाकलून दिलं नव्हतं. तेव्हा मला एवढंच समजलं, आणि तेवढ्यावर मी ती बाहेर येईपर्यंत बसू शकले.

डॉक्टर बाईंनी दोघींना आत बोलावलं. पडद्यावर मुलीचं हृदय थांबवून ठेवलं होतं, राखाडी रंगाचं. बाईंनी पेनाच्या टोकाने दाखवलं.

"ही भिंत जितकी असायला हवी त्यापेक्षा जाड आहे. फार नाही. पण आहे."

"म्हणजे बाबांसारखं," मुलगी म्हणाली.

"त्याच प्रकारचं. पण तुमचं आपल्याला कळलं आहे. त्यांचं कळलं नव्हतं."

गोळी सुरू करायची, पळणं बंद, चालायला हरकत नाही, ठरावीक काळाने तपासणी, पुढेमागे छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल किंवा लागणारही नाही. मुलगी सगळं शांतपणे ऐकत होती. बाहेर आल्यावर ती फुटपाथवर थांबली.

"नाक त्यांचं, हसणं त्यांचं," ती म्हणाली. "हृदय तेवढं कशाला सोडायचं?"

मी तिचा हात धरला. ज्या गोष्टीला भिऊन मी पेटी उघडत होते ती झाली होती. ती इतके दिवस पळत होती आणि मला ठाऊक होतं की तिने पळू नये, आणि मी चांगल्या वचनाची वाट बघत होते. तिनेच मला रस्ता ओलांडून आणलं.

रविवारी उपासनेनंतर बायकांनी विचारलं. मी सांगितलं, आजार निघाला. मग विश्वास ठेवा म्हणालेल्या बाईने माझा हात पुन्हा धरला आणि या वेळी ती काहीच बोलली नाही. ते मला बरं वाटलं.

आता संध्याकाळची प्रार्थना आम्ही दोघी आळीपाळीने करतो. माझी आखूड असते. यजमान आभारापासून सुरुवात करायचे, मला अजून ते जमत नाही, मी मागण्यापासून सुरू करते आणि कधीकधी आभारापर्यंत पोचते. सकाळी ती चालायला निघाली की लिफ्टचं दार लागतं, तेव्हा मी तिला देवाच्या हवाली करते आणि तांदूळ धुवायला जाते. काही दिवस ती सोपवणूक मुलगी परत येईपर्यंत टिकते. काही दिवस भाताला उकळी येण्याआधीच मी तिला त्याच्याकडून परत मागून घेतलेली असते, आणि मग पुन्हा द्यावी लागते. मला वाटायचं विश्वास एकदा मिळाला की मिळाला. माझ्या बाबतीत तो असा रोजच्या स्वयंपाकासारखा आहे. कालचा आज पुरत नाही.

ती गोळी घेते. पुढची तपासणी हिवाळ्यात आहे. मी अजून घाबरते.